कसारा घाटात दम सोडणाऱ्या स्विफ्टला टर्बो लावावा का?

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही चुकीचं समजलो असेन तर तुम्हाला लगेच कळेल. गाडी २०१६ ची पेट्रोल स्विफ्ट, ७८ हजार किलोमीटर झालेली. घर नाशिकच्या आडगावला, नोकरी ठाण्याला. सोमवारी पहाटे जाता, शुक्रवारी रात्री परत येता. येताना सोबत तीन सहकारी, एसी चालू, आणि कसारा घाटात ट्रकच्या मागे अडकलात की पाय पूर्ण दाबूनही गाडी पुढे सरकत नाही. एका ट्यूनरने इंजिन न उघडता टर्बो किट लावून, ०.५ बार बूस्टवर, म्हणजे हवेच्या तेवढ्या जादा दाबावर, १३० एचपी काढून देतो असं सांगितलंय. खर्च दीड लाख. दुसरा विचार असा, की मेहुण्याची १.३ लिटरची डिझेल घ्यायची आणि रीमॅप करायची, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले आकडे बदलून ताकद वाढवायची.

माझं गॅरेज अंबडला आहे. आधीची सात वर्षं सातपूरला डिझेल पंप आणि इंजेक्टरच्या बेंचवर गेली, नंतरची सोळा ट्यूनिंगमध्ये. टर्बो ही मला फार आवडणारी गोष्ट आहे. एरवी सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या वायूवर चाक फिरवायचं आणि त्याच्या जोरावर इंजिनाला जास्त हवा पाजायची, ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्ये पेटंट केली, आणि आजही ती बघताना मला आनंद होतो. म्हणूनच चुकीच्या गाडीला, चुकीच्या कारणासाठी लावलेला टर्बो पाहिला की वाईट वाटतं.

तुमचं दुखणं घाटातलं आहे, तर घाटापासूनच सुरू करू. तुमच्या इंजिनाची ताकद सुमारे ८३ एचपी, आणि ११५ एनएम टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, मिळतो तो ४००० आरपीएमला. चार माणसं आणि बॅगा धरून गाडीचं वजन १३०० किलो होतं. पाच टक्के चढ धरा. ताशी ७० ने नुसतं चढत राहायला, म्हणजे वेग न वाढवता, इंजिनाकडून साधारण २८ ते ३० एचपी लागतात. आता पाचव्या गियरमध्ये ७० ला तुमचं इंजिन जेमतेम २००० आरपीएमवर असतं. तिथे ते पूर्ण पाय दाबूनही ३० एचपीच्या आसपासच देऊ शकतं. त्यातले तीन-चार एसी खातो. शिवाय इगतपुरी-नाशिक हा भाग समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, हवा मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के विरळ, म्हणजे जसजसं वर याल तसतसं टर्बो नसलेलं इंजिन तेवढं आणखी गमावतं. शिल्लक काहीच उरत नाही. गाडी अडकली असं तुम्हाला वाटतं ते यामुळे.

हाच वेग तिसऱ्या गियरमध्ये धरलात तर इंजिन ३४०० ते ३५०० आरपीएमवर येतं आणि पन्नासच्या वर एचपी देतं. म्हणजे चढ सांभाळून वीस-बावीस एचपी ओव्हरटेकला मोकळे. गाडी तीच, पेट्रोल तेच. माझ्याकडे 'पिकअप नाही' म्हणून येणाऱ्या दहा जणांपैकी बऱ्याच जणांना मी आधी शेजारी बसवून एक फेरी मारतो. आपल्याकडे गाडी शिकवतानाच 'वरच्या गियरमध्ये घ्या, ॲव्हरेज मिळेल' हे डोक्यात बसवलं जातं आणि इंजिनाचा आवाज वाढला की लोक घाबरतात. तुमचं इंजिन ६००० पर्यंत फिरण्यासाठी बनवलेलं आहे. घाटात पाच मिनिटं ४००० वर राहिलं तर त्याला काहीही होत नाही. उलट २००० वर पूर्ण थ्रॉटल देऊन गुरगुरत चढवणं त्याच्या बेअरिंगना जास्त जड जातं.

हे इतकं आधी सांगण्याचं कारण किटशी जोडलेलं आहे. १३० एचपीसाठी निवडलेला टर्बो पुरेसा मोठा लागतो, आणि तो साधारण २५०० ते ३००० च्या पुढे भरायला लागतो. म्हणजे पाचव्यात २००० वर तुम्ही जिथे अडकता, तिथे तो तुम्हाला काहीच देणार नाही. तेव्हाही गियर खाली टाकावाच लागेल. दीड लाख खर्चून पहिला उपाय तोच राहतो.

तरीही 'मला आणखी ताकद हवीच' असं तुम्ही म्हणू शकता, आणि त्यात गैर काही नाही. मग ०.५ बार म्हणजे इंजिनात काय घडतं ते पाहू.

सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं टोक हाताला चटका देतं, हे आपण लहानपणी सगळ्यांनी अनुभवलंय. हवा दाबली की तापते. टर्बो तेच करतो, फक्त मिनिटाला लाख-दीड लाख फेऱ्यांनी. मे महिन्यात बॉनेटखालची ४० अंशांची हवा ०.५ बारपर्यंत दाबली, तर चांगल्या कॉम्प्रेसरमधूनही ती सुमारे ९५ अंशांना बाहेर पडते. गरम हवा फुगलेली असते. म्हणून दाब दीडपट झाला तरी हवेचं वजन दीडपट होत नाही, पंचवीस-अठ्ठावीस टक्केच वाढतं. मध्ये नीट इंटरकूलर, म्हणजे ही हवा थंड करणारी जाळी, बसवून ती ५५ अंशांवर आणली तर वाढ चाळीस टक्क्यांच्या वर जाते. स्वस्त किटमध्ये इंटरकूलर एक तर नसतो, किंवा कुठल्या तरी दुसऱ्या गाडीचा, बंपरमागे वारा न लागेल अशा जागी टांगलेला असतो. बूस्टच्या काट्यावर ०.५ दिसतं, पण सिलिंडरमध्ये ताकदीपेक्षा उष्णताच जास्त पोचते.

आणि ही उष्णता तुमच्या इंजिनाला सगळ्यात जास्त बाधते, कारण ते टर्बोसाठी बनवलेलं नाही. अशा इंजिनाचं कम्प्रेशन, म्हणजे पिस्टन हवा किती पट दाबतो तो आकडा, अकराच्या आसपास असतं. कंपनी जेव्हा स्वतः टर्बो लावते तेव्हा पिस्टनच वेगळे घालते, फियाटच्या १.४ टी-जेटचं कम्प्रेशन ९.८ होतं. आधीच गरम आणि दाट आलेली हवा पिस्टनने पुन्हा अकरापट दाबली की स्पार्कने पेटवलेली ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप भडकतं. यालाच नॉकिंग म्हणतात. बाहेरून खड्यांचा डबा हलवल्यासारखा आवाज येतो, आतून पिस्टनच्या डोक्यावर हातोडा बसत असतो.

हा घोळ नवा नाही. १९६२ मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बो असलेल्या पहिल्या प्रवासी गाड्यांपैकी एक बाजारात आली. तिचं कम्प्रेशन १०.२५ ठेवलं होतं. नॉकिंग थांबवायला कंपनीने पाणी आणि मेथॅनॉलची वेगळी टाकी दिली. बूस्टमध्ये ते द्रव आत फवारलं जाई. ग्राहक ती टाकी भरायला विसरत आणि कुरकुर सुरू होई. पुढे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला साब या स्वीडिश कंपनीने नॉक ऐकून बूस्ट आपोआप कमी करणारी यंत्रणा आणली, तेव्हा कुठे पेट्रोल टर्बो रोजच्या वापरात विश्वासाचा झाला. इतक्या मोठ्या कंपन्यांना ज्यासाठी वीस वर्षं लागली, ते 'इंजिन न उघडता' जमेल असं कोणी म्हणालं तर मी त्याला फक्त एवढंच विचारेन: स्पार्कचं टायमिंग किती मागे घेणार, आणि नॉक कशाने ऐकणार?

याबाबत माझी स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. दहा-अकरा वर्षांपूर्वी एक १.४ लिटर टर्बो पेट्रोल सेडान माझ्याकडे आली. कंपनीचाच टर्बो, मी फक्त मॅप बदलला. जानेवारीत, त्र्यंबक रोडला सकाळी साडेसहाला लॉगिंग केलं, म्हणजे चालत्या गाडीत इंजिनाचे आकडे नोंदवले. थर्मामीटर ११ अंश दाखवत होता, टाकीत ९७ ऑक्टेन पेट्रोल होतं (ऑक्टेन जितकं जास्त तितकं नॉकिंग कमी). गाडी अशी सुटली की मी आणि मालक दोघेही खूश. मे महिन्यात तो दुपारी दोनला मुंबईहून निघाला, वाटेत साधं पेट्रोल भरलं, तेव्हा ते ९१ ऑक्टेन मिळायचं, आणि घाटात पाय न काढता चढला. घोटीच्या पुढे गाडी थरथरायला लागली. उघडल्यावर तिसऱ्या पिस्टनची रिंग लँड, म्हणजे दोन रिंगांमधली पट्टी, तुटलेली निघाली. इंजिनाचा खर्च मी भरला, कारण चूक माझी होती. ११ आणि ४० अंशांच्या हवेत जो फरक असतो तो मी मॅपमध्ये सोडलाच नव्हता. तेव्हापासून माझ्याकडे पेट्रोल गाडीचा शेवटचा मॅप एप्रिल-मेच्या दुपारी, ग्राहक जे पेट्रोल रोज भरतो त्यावरच पक्का होतो. हिवाळ्यात आलेल्याला मी मुद्दाम थोडा मऊ मॅप देतो आणि उन्हाळ्यात परत बोलावतो.

आता पंपावर मिळतं ते ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. त्याचं ऑक्टेन ९५, म्हणजे जुन्या ९१ पेक्षा चांगलं, आणि इथेनॉल बाष्प होताना मिश्रण थंडही करतं. ट्यूनरच्या दृष्टीने ही चांगली बाजू. पण इथेनॉलला हवेच्या मानाने जास्त इंधन लागतं. शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई-२० सात-आठ टक्के जास्त ओतावं लागतं. तुमचे इंजेक्टर ८३ एचपीच्या हिशेबाचे आहेत. १३० एचपीसाठी पन्नास टक्क्यांहून जास्त इंधन, बूस्टमध्ये मिश्रण मुद्दाम गडद, म्हणजे जास्त पेट्रोलचं, ठेवायचं म्हणून आणखी, वर ई-२० चा वाटा. ते इंजेक्टर पूर्ण वेळ उघडे राहिले तरी पुरणार नाहीत. आणि मूळ ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, वातावरणापेक्षा जास्त दाब कधी भेटलेलाच नसतो, त्याच्या तक्त्यात त्यासाठी रकानाच नाही. म्हणजे इंजेक्टर, पंप, ईसीयूचं काम, इंटरकूलर आणि क्लच एवढं तरी किटच्या किमतीत आहे का, ते लेखी विचारा. क्लचचं विशेष विचारा, कारण ११५ एनएमसाठी बनलेली प्लेट १६० एनएमला घाटात घसरायला लागते आणि जळका वास येतो तेव्हा उशीर झालेला असतो.

अजून एक जागा, जिकडे फार थोडे लोक बघतात: टर्बोमधून ऑइल परत सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात, नेणारी नळी. ऑइल तिथून दाबाने नाही, स्वतःच्या वजनाने उतरतं. नळी बारीक असली, आडवी गेली किंवा सम्पमध्ये ऑइलच्या पातळीखाली जोडली की ऑइल टर्बोत साचतं, सीलमधून बाहेर पडतं आणि निळा धूर सुरू होतो. मग टर्बो खराब म्हणून तो बदलतात, महिन्याभरात पुन्हा तेच. माझ्याकडे 'दुसरा टर्बो पण गेला' म्हणून आलेल्या तीन गाड्यांत फक्त ती नळी बदलून काम झालं.

कायद्याचं थोडक्यात, पण गंभीरपणे सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी आरसीचे तपशील जुळणार नाहीत असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२-अ खाली अशा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दंडापेक्षा मला विम्याची काळजी जास्त वाटते. तुमच्यासोबत दर शुक्रवारी तीन माणसं बसतात. अपघात झाला आणि सर्व्हेयरला बॉनेटखाली न कळवलेला टर्बो दिसला, तर त्या तिघांच्या घरच्यांना तुम्ही काय उत्तर देणार? या एका कारणासाठी मी रोडवरच्या साध्या पेट्रोल गाडीला टर्बो किट लावायचं काम घेत नाही. ट्रॅकवरची गाडी असेल तर आनंदाने करतो.

आता डिझेल. मेहुण्याच्या गाडीतल्या १.३ मल्टिजेट इंजिनाला टर्बो मुळातच आहे. ७५ पीएसच्या (पीएस म्हणजे जवळपास एचपीच) प्रकारात १९० एनएम मिळतात, तुमच्या पेट्रोलच्या दीडपटीहून जास्त, आणि तेही २००० आरपीएमला. घाटासाठी हे इंजिन रीमॅप न करताच तुमच्या गरजेपुरतं आहे. मात्र २००० च्या खाली ते झोपलेलं असतं, हे चालवताना लक्षात ठेवा. रीमॅप करायचाच असेल तर तो गाडीच्या तब्येतीवर अवलंबून आहे. मेहुण्याची गाडी किती चालली, ईजीआर (एक्झॉस्टचा थोडा वायू परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) किती काजळला, इंजेक्टरचा रिटर्न, म्हणजे त्यातून परत जाणारं डिझेल, किती, हे बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. सगळं ठीक असेल तर दहा-पंधरा टक्के, त्यापुढे नाही. डिझेलमध्ये जास्त इंधन ओतणं सोपं असतं, आणि काळा धूर म्हणजे ताकद असा एक समज आहे. काळा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल; ते एक्झॉस्टचं तापमान वाढवतं आणि टर्बोचं आयुष्य खातं. मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर जातं ते वेगळंच. रेल प्रेशर सेन्सरला, म्हणजे इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब मोजणाऱ्या सेन्सरला, फसवणारा तयार डबा मात्र लावू नका. ईसीयूला खरा दाब कळत नाही, आणि ज्या बेंचवर मी सात वर्षं काढली तिथे अशाच गाड्यांचे इंजेक्टर येत असत. विमा कंपनीला कळवणं रीमॅपलाही लागू आहे.

तिसरा रस्ता तुम्ही विचारला नाहीत, पण दीड लाख हातात असतील तर मी तोच घेतला असता. स्विफ्ट विकून त्यात ही रक्कम घाला आणि कंपनीचाच टर्बो असलेली वापरलेली पेट्रोल गाडी बघा. २०१७ ला आलेल्या बलेनो आरएसमध्ये एक लिटरचं बूस्टरजेट आहे, १०२ पीएस आणि १५० एनएम, तेही १७०० पासून. त्याच वर्षीची पहिली नेक्सॉन टर्बो पेट्रोल, ११० पीएस आणि १७० एनएम. पिस्टन, ऑइलची वाट, कूलिंग, क्लच, सगळं टर्बोच्या हिशेबाने बनलेलं, आरसीवर नोंदलेलं. फक्त अशा छोट्या टर्बो पेट्रोलला कमी आरपीएमवर वरच्या गियरमध्ये पूर्ण पाय देऊ नका. थेट इंजेक्शनवाल्या इंजिनात तिथे वेळेआधी पेट घ्यायचा धोका असतो, आणि ऑइल एपीआय एसपी दर्जाचंच घाला. आणि घाट चढून इगतपुरीला चहाला थांबलात की चावी लगेच फिरवू नका. शेवटचा किलोमीटर हळू चालवा, मिनिटभर आयडलवर ठेवा, मग बंद करा. तापलेल्या टर्बोत थांबलेलं ऑइल जळून त्याचा कोळसा होतो.

५ जून २०२५ पासून समृद्धीचा इगतपुरी-आमणे टप्पा सुरू झालाय. तिथून आलात तर कसाऱ्याचा चढ टळतो, पण अर्धा तास एका वेगाने चालणं हीही इंजिनाची आणि टायरची परीक्षाच असते. तुमचे टायर मूळचेच असतील तर ताकद वाढवायच्या गप्पा नंतर, आधी ते बदला.

पण यातलं काहीही करण्याआधी एक शनिवार गाडी तपासण्यात घाला, कारण ७८ हजार झालेल्या इंजिनाची मूळची ताकद शाबूत आहे की नाही हेच अजून आपल्याला माहीत नाही. पिंपळगावच्या एका द्राक्ष बागायतदाराची गाडी अशीच 'ओढत नाही' म्हणून आली होती. मागच्या ड्रममध्ये ब्रेक शू अडकून चाक घासत होतं, एअर फिल्टर बागेतल्या धुळीने भरलेला. साडेतीन हजारांत त्याची तक्रार मिटली. चारही सिलिंडरचं कम्प्रेशन मोजून घ्या. आकडा किती यापेक्षा चारांत फरक किती हे महत्त्वाचं, दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको. प्लग कधी बदलले ते आठवा. कोणी गरम हवा ओढणारा उघडा फिल्टर बसवला असेल तर काढून कंपनीचा डबा परत लावा. जॅकवर घेऊन चारही चाकं हाताने फिरवून बघा. आणि ओबीडी स्कॅनर लावून गरम इंजिनावर लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू ठरलेल्यापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल देतोय तो आकडा, वाचा. पाच-सात टक्के अधिक असेल तर तो बहुतेक ई-२० चा परिणाम, पंधराच्या पुढे असेल तर हवा कुठून तरी चोरून आत येतेय किंवा पेट्रोल पंप थकलाय.

येत्या शुक्रवारी कसाऱ्याला ट्रकमागे आलात की एसी तसाच राहू द्या, तिसरा टाका, ३५०० वर न्या आणि पुढचा रस्ता स्वच्छ दिसला तरच निघा. कम्प्रेशनचे चार आकडे, ट्रिमचा आकडा आणि तिसऱ्यात गाडी कशी गेली ते मला कळवा. त्यावरून पुढचं बोलू.